रीनाचं साडेबारा

माझं तोंड वाईट आहे, हे मीच आधी सांगून टाकते. फुलचूरच्या चौकात माझं साड्यांना फॉल-पिको करायचं दुकान आहे. तिथं येणारी कोणतीही बाई तुम्हाला तेच सांगेल. दिवसभर शहरातल्या गिऱ्हाइकांशी बोलून माझी भाषा जरा सुधारली, पण राग आला की आमच्या माहेरची, मुर्रीची बोली आपसूक बाहेर येते. त्या दिवशी दवाखान्यात तीच येऊन राहिली होती.

रीना माझी धाकटी बहीण. तिचं सासर गोंदियातच, रेल्वे लाइनच्या पलीकडे. नवरा रत्नपाल मोटार वाइंडिंगचं काम करतो, राइस मिलच्या जळलेल्या मोटारी त्याच्याकडे येतात. घरात सासू सुमनबाई आणि रीनाची अडीच वर्षांची चंदा. सुमनबाईचा आवाज मोठा, हात सढळ, आणि शब्द तोलून बोलणं तिला माहीतच नाही. तिचं माझं कधी पटलं नाही, कारण आम्ही दोघी एकाच मातीच्या.

रीनाला सिकलसेल आहे. अर्धा नाही, पूर्ण, म्हणजे माय-बाप दोघांकडून आलेला. मला अर्धा आहे, एकाच बाजूनं आलेला, म्हणजे मला काही होत नाही. तिचे मात्र लहानपणापासून हातपाय दुखायचे, डोळे पिवळे राहायचे, आणि रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, आपोआप कधी आठच्या वर गेलं नाही. आमच्याकडे हा रोग घराघरांत आहे आणि घराघरांत लपवलेला आहे. तिचं लग्न ठरलं तेव्हा मी बोंबलली होती, की मुलाकडच्यांना सांगा. माय म्हणाली, "सांगितलं त पोरगी जलमभर माया उंबऱ्यावर बसन." आमच्याच गल्लीतल्या केशोरावच्या मुलीचा रोग लग्नानंतर कळला होता. सासरच्यांनी तिला एका पिशवीनिशी ऑटोत बसवून परत पाठवली. मायनं तो ऑटो दारासमोर थांबताना पाहिला होता, आणि तेव्हापासून ती कोणाचं ऐकायला तयार नव्हती.

पुढं माय गेली, आणि लपवायचं काम रीनानं स्वतःच्या अंगावर घेतलं. तिच्या गोळ्या माझ्या दुकानात बटनांच्या डब्यात राहायच्या. साडी दाखवायच्या निमित्तानं ती येऊन घेऊन जायची. पहिलं बाळंतपण माहेरचं, ते मी केलं, म्हणून तेही निभावलं. अंग दुखलं की सासूला सांगायची, आई, कमजोरी आहे. सुमनबाई तिला मुंगण्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी आणि जवसाची चटणी खाऊ घालत राहायची. मी रीनाला म्हणायची, अगं, इतकं जीव लावून राहिली ती तुला, सांगून टाक एकदाचं. रीना म्हणायची, "म्हणूनच सांगत नाही, ताई."

२०११ साल. धान कापणीचे दिवस. रीनाच्या पोटात अचानक दुखायला लागलं, आणि ते दुखणं पोटातून थेट पाठीत निघायला लागलं. उलट्या थांबेनात. रत्नपालनं तिला ऑटोत घालून एका खाजगी दवाखान्यात नेलं. मी दुकान बंद करून पोहोचली, तोपर्यंत तिला भरती करून सलाईन लावलं होतं. बाजूच्या स्टुलावर सुमनबाई चंदाला मांडीवर घेऊन बसली होती.

डॉक्टर बिसेन चांगले माणूस होते, हे आधीच सांगते, नाही तर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना नावं ठेवाल. त्यांनी आम्हाला तिघांना बाहेर बोलावून नीट समजावलं. म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आली आहे. पित्ताच्या पिशवीतला खडा सरकून नळीत अडकला असावा.

रत्नपालनं हातातला कागद पुढं केला. "सर, हे अमायलेज हजाराच्या वर लिहिलं आहे. म्हणजे फार आहे का?"

"तो आकडा रोग कोणता ते सांगतो. रोग किती मोठा आहे, ते सांगत नाही," डॉक्टर म्हणाले. "असे दहा पेशंट आले की आठ जण आठवडाभरात चालत घरी जातात. दोघांचं बिघडतं. आणि बिघडतं तेव्हा किडनी, फुप्फुस, सगळं भराभर जातं. ते दोघं कोण, हे पहिल्या दिवशी तोंड पाहून समजत नाही."

"मंग कायनं समजते?" सुमनबाईनं विचारलं.

"रक्ताच्या साध्या तपासण्यांनी. सूज मोठी असली की रक्तातलं पाणी गळून पोटात जातं, आणि मागं रक्त घट्ट उरतं. मग हिमोग्लोबिन चढतं, युरिया चढतं. तसं दिसलं की मी एक मिनिट ठेवणार नाही, सरळ नागपूर. नाही दिसलं, तर इथंच बरी होईल."

मला ते पटलं. माणूस सरळ बोलत होता. रीनाचा रोग त्यांना माहीत आहे, असंच मी धरून चालली होती. सासूपासून लपवलं तरी डॉक्टरपासून कोण लपवतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी रीनाचं पोट फुगलेलं होतं. ती बोलत होती, पण दोन शब्दांमध्ये श्वास घेत होती. खाटेखालच्या लघवीच्या पिशवीत तळाला थोडीशी गडद लघवी होती. मी सिस्टरला विचारलं तर म्हणाली, साहेब राउंडला येतील तेव्हा पाहतील. साहेब आले, पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली, आणि रिपोर्ट हातात घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे.

"हिमोग्लोबिन साडेबारा," ते म्हणाले. "काल साडेअकरा होतं, थोडं वाढलं, पण नॉर्मलमध्येच आहे. युरिया पस्तीस, तेही नॉर्मल. नाडी जलद आहे, ती दुखण्यानं असेल. घाबरण्यासारखं काही दिसत नाही. संध्याकाळी परत एकदा रक्त पाहू, आणि असंच राहिलं तर उद्या पाण्याचे घोट सुरू करू."

सुमनबाईनं हात जोडले. मग बाजूच्या खाटेवरच्या बाईकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "ऐकलं का वो? साडेबारा! इकडच्या बायकाइचं नऊ-दहाच्या वर जाते का कधी? मायी सून साडेबारा. मुंगना खाऊ घालते मी तिले, मुंगना!"

ती बाई म्हणाली, "नशीबवान आहे बाप्पा."

मी मात्र तिथंच थिजली. आमच्या रीनाचं साडेबारा? जन्मात झालं नाही. बाळंतपणात रक्ताच्या बाटल्या चढवल्या तेव्हा कुठं दहाला टेकलं होतं, आणि डॉक्टरीणबाईनं पेढे मागितले होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: लॅबवाल्यानं बाटली बदलली. कोणा धडधाकट बाईचं रक्त रीनाच्या नावावर चढवलं, आणि हे लोक त्या रिपोर्टावर हात जोडून राहिले. माझं डोकं असं सणकलं की मी चप्पल न घालताच खाली निघाली.

लॅब तळमजल्यावर होती. केवळराम नावाचा माणूस तिथं मशीनसमोर बसला होता. मी दारातूनच सुरू झाली. "काऊन हो, कोणाचं रक्त कोणाच्या नावावर लिहिता? माणसाचा जीव आहे का धानाचं पोतं?"

"मैडम, आहिस्ता," तो म्हणाला. "मेरे यहाँ बोतल नहीं बदलती."

"मंग रीनाचं साडेबारा कसं आलं? मले सांगून राहिले?"

तो चिडला, चिडणारच. पण काम सोडून उठला. माझ्यासोबत वर आला, ज्या हाताला सलाईन नव्हतं त्या हातातून नवीन रक्त काढलं, बाटलीवर माझ्यासमोर नाव लिहिलं आणि म्हणाला, चला, तुमच्या डोळ्यांदेखत करतो. सुमनबाई मागून ओरडली, "आता काय झालं? चांगलं आलं तरी हिले चैन नाही!" मी ऐकलं नाही, त्याच्या मागं पुन्हा खाली गेली.

मशीन घरघरली, कागद बाहेर आला. केवळरामनं तो पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची चीड उतरली.

"तेरा," तो म्हणाला. "बढ़ गया." मग माझ्याकडे पाहून, आवाज खाली घेऊन, "इनका हमेशा कितना रहता है?"

"आठ," माझ्या तोंडून निघून गेलं.

"आठ? क्यूँ?"

मी तोंड बंद केलं. त्यानं कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "मुझे मत बताइए. डॉक्टर साहब को बताइए. अभी जाइए."

तेव्हा कुठं डॉक्टरांचं कालचं बोलणं माझ्या डोक्यात नीट उतरलं. पाणी गळून जातं आणि रक्त घट्ट उरतं. रीनाचं रक्त वाढलं नव्हतं, आटलं होतं. दुसऱ्या बाईचं तेरा म्हणजे तब्येत चांगली. आठच्या रीनाचं तेरा म्हणजे तिच्या अंगातलं पाणी कुठं तरी चाललं होतं, आणि सगळे त्याला नॉर्मल म्हणत होते.  जिना चढताना मी मायला शिव्या दिल्या, मेलेल्या मायला, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

खाटेजवळ त्या वेळी कोणी नव्हतं. सुमनबाई चंदाला घेऊन खिडकीपाशी उभी होती. मी रीनाच्या कानाशी वाकली. "डॉक्टरले सांगितली ना तू? सिकलसेलचं?"

तिनं मान हलवली. नाही.

"काऊन?"

"भरती करताना... पहिलं तेच विचारलं त्यांनी." ती श्वासासाठी थांबली. "आई बाजूलाच होत्या. मी नाही म्हटलं."

मला वाटलं तिला एक थोबाडीत द्यावी. मग पाहिलं तर तिचे ओठ कोरडे, नाकपुड्या फुलत होत्या, आणि तिनं माझं मनगट धरलेलं होतं ते सोडेना. बोटं थंडगार. "ताई, नको सांगू. रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मी होईन बरी. चंदाले ते ठेवून घेतीन अन् मले पाठवतीन. तुले माहीत आहे."

मला माहीत होतं. केशोरावची मुलगी आजही आमच्या गल्लीत बिड्या वळून राहिली, सासरच्यांनी ठेवून घेतलेला तिचा मुलगा तिला ओळखत नाही.  मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती रडायला लागली, पण रडायलाही तिला श्वास पुरत नव्हता.

डॉक्टर बिसेन जिन्याकडे निघाले होते. ओपीडीत गर्दी होती, आता ते संध्याकाळीच वर येणार. मी धावत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, दोन मिनिटं. जरा इकडं या, बाजूला."

"काय कानात सांगून राहिली?" सुमनबाई तिथवर आलीच, मागून रत्नपालही. "माया सुनेचं आहे ना? मंग माया समोर सांग."

"सुमनबाई, तुम्ही आत बसा."

"मी काऊन बसू आत? तू काय मोठी डाक्टरीण झाली? सकाळपासून नाचून राहिली. रिपोर्ट चांगला आला ते पाहवत नाही का तुले?"

डॉक्टर घड्याळ पाहत होते. "बोला ना ताई, लवकर बोला."

रत्नपाल माझ्याकडे पाहत होता. त्याला मी नेहमी जवाई म्हणून हाक मारते, राखीला माझ्याकडे जेवतो, माझ्या शिलाई मशीनची मोटार त्यानंच दुरुस्त केली. मला वाटलं, डॉक्टरच्या कानात कुजबुजून काय होणार? नागपूरला न्यायचं म्हटलं की कारण विचारतीलच. दहा मिनिटांनी कळायचं ते आत्ता कळेल, एवढंच. आणि त्या दहा मिनिटांत माझी बहीण आणखी आटेल.

"रीनाले सिकलसेल आहे," मी म्हटलं. आवाज माझ्या मनापेक्षा मोठा निघाला. "पूर्ण वाला. लहानपणापासून. तिचं रक्त आठच राहते, साहेब. आठ. आत्ता खाली पुन्हा काढलं, तेरा आलं."



डॉक्टरांनी माझ्या हातातला कागद घेतला. त्यांचा चेहरा माझ्यासमोर बदलला. "मी विचारलं होतं," ते म्हणाले. "पोट दुखतं म्हणून कोणीही आलं की मी पहिलं हेच विचारतो. त्या नाही म्हणाल्या."

"मले माहीत आहे काय म्हणाली ते. आता काय करायचं ते सांगा!"

ते सरळ खाटेकडे गेले. लघवीची पिशवी उचलून पाहिली. पोट पुन्हा पाहिलं, छातीला नळी लावून मागून-पुढून ऐकलं. मग सिस्टरवर ओरडले, ऑक्सिजन लावा, दुसरी शीर घ्या, अँब्युलन्सवाल्याला फोन करा. आमच्याकडे वळून म्हणाले, "मी दुसऱ्यांच्या मापानं मोजत होतो. आठच्या बाईचं तेरा म्हणजे रक्त फार घट्ट झालं आहे. या रोगात युरियाही कमीच राहतं, वीसच्या आत. हिचं पस्तीस म्हणजे किडनीवर ताण आला. घट्ट झालेलं सिकलसेलचं रक्त शिरांमध्ये अडकतं, छातीत अडकलं तर संपलं. रक्त बदलावं लागेल, ते इथं होत नाही. आत्ताच्या आत्ता नागपूर."

"सकाळी तुम्हीच म्हणाले, नॉर्मल आहे," रत्नपाल म्हणाला. 

"दुसऱ्या कोणाचं असतं तर नॉर्मलच होतं."

सुमनबाईनं चंदाला खाली ठेवलं. मला वाटलं ती आता माझ्या झिंज्या धरणार. पण ती रीनाच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. "चार वर्सं," ती म्हणाली. "चार वर्सं माया घरात खाल्ली, पेली, मायी पोर होऊन राहिली. अन् एक शब्द नाही?"

रीनानं डोळे मिटले. ऑक्सिजनचा मास्क होता, बोलायची सोय नव्हती.

"तिले नका बोलू," मी म्हटलं. "मले बोला. आमच्या मायले बोला."

"तुले काय बोलू? तुम्ही सारे खोटारडे." तिचा आवाज फाटला. चंदा घाबरून रडायला लागली. सुमनबाईनं तिला उचललं, कडेवर घेतलं आणि जिन्याकडे चालायला लागली. रत्नपाल म्हणाला, "माय, नागपूरले..." ती वळली नाही. "मी नाही येत," एवढंच म्हणाली.

न्यायच्या कागदावर नवऱ्याची सही पाहिजे होती. सिस्टरनं पेन पुढं केलं आणि रत्नपाल त्या पेनाकडे पाहत उभाच राहिला. एक-एक क्षण माझा जीव घेऊन राहिला होता. मी म्हटलं, "जवाई, राग मंग करा. आयुष्यभर करा. आता सही करा." त्यानं सही केली. पण माझ्याकडे पाहिलं नाही.

अँब्युलन्समध्ये रीना, सिस्टर, मी आणि तो. तिरोडा गेलं, तुमसर गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धानाचे बांध, कापणीवाल्या बायका वर पाहायच्या आणि पुन्हा वाकायच्या. तुमसरच्या पुढं त्यानं विचारलं, "ताई, तुम्हाले सगळ्याइले माहीत होतं?"

"हो."

"लग्नाच्या आधीपासून?"

"हो."

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. भंडाऱ्याच्या आधी रीनाचा श्वास बिघडला. मास्क तोंडावर असूनही ती तोंड उघडून हवा ओढायला लागली, नखं निळसर दिसायला लागली. सिस्टर सिलिंडरची चावी फिरवत होती, ड्रायव्हरला ओरडत होती. रत्नपाल सीटवरून उतरून खाली गुडघ्यांवर बसला, एका हातानं तिचं डोकं उचलून धरलं आणि दुसऱ्या हातानं मास्क दाबून धरला. नागपूर येईपर्यंत तो तसाच होता. गाडी खड्ड्यात आदळली की त्याचं डोकं पत्र्यावर आपटायचं. मी पाहत होती आणि रडत होती. मला रडू फार लवकर येत नाही.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिला आयसीयूत घेतलं. तिचं घट्ट रक्त थोडं थोडं काढून दुसऱ्याचं चढवलं. तिथल्या डॉक्टरणीनं गोंदियाचे दोन्ही दिवसांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, "तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर इथवर आली नसती ही." रत्नपालचंही रक्त तिनं तपासायला घेतलं. नवऱ्याचं माहीत असायला पाहिजे, मुलगी आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्यालाही अर्धा आहे. तो हसल्यासारखा झाला आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसला.

रीना वाचली. मध्ये तिच्या किडनीनं तोंड फिरवलं होतं, छातीत पाणी झालं होतं, ते सगळं मी आता सांगत नाही. माझ्याच्यानं सांगवत नाही. पण वाचली. जनरल वॉर्डात आणलं तेव्हा तिचा आवाज परत आला होता, आणि त्या आवाजात तिनं पहिली गोष्ट विचारली, "आईचा फोन आला का?"

आला नव्हता. रत्नपाल रोज लावायचा, सुमनबाई उचलायची, चंदा जेवली, चंदा झोपली, एवढं सांगून ठेवून द्यायची. मी म्हटलं, "येईन फोन. तू आधी बरी हो."

रीनानं तोंड भिंतीकडे फिरवलं. "तू मले जगवली, ताई. आता कुठं जगू ते सांग."

मी म्हटलं, "माया घरी." पण माझ्या घरी चंदा नव्हती.

आणि मग एका दुपारी सुमनबाई स्वतःच आली. कडेवर चंदा, हातात पिशवी, गोंदियाहून गाडीनं एकटी. मी पदर खोचून उठली. मनात सगळं तयार होतं: पोरगी माझ्या बहिणीची आहे, कायदा आहे, मी कोर्टात जाईन, बोलायचं ते मला बोला. रत्नपाल पाण्याची बाटली भरून दारातून आत येत होता, तोही तिथंच थांबला.

सुमनबाईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. चंदाला खाटेवर रीनाच्या बाजूला बसवलं आणि स्टूल ओढून बसली.  

"हिचं रक्त तपासलं," चंदाकडे बोट करून ती म्हणाली. "बिसेन डाक्टरनं सांगितलं होतं, तपासून घ्या. अर्धा आहे. हिले काही होत नाही म्हणे." मग बोट स्वतःकडे वळवलं. "मायंही तपासलं. मलेही अर्धा आहे."

"आई..." रीना म्हणाली.

"चूप. मले बोलू दे." तिनं पदरानं तोंड पुसलं. "रत्नपाल मायं तिसरं लेकरू. त्याच्या आधी दोन झाले. पोरगा चार वर्साचा होऊन गेला, पोरगी दोनची. हातपाय सुजत, डोरे पिवळे होत, पोट टम्म. गावातला डाक्टर सुई दे अन् वापस पाठवे. मायी सासू म्हने, तुया दुधात जहर आहे. शेजारच्या बाया म्हनत, सुमनचं दूध लागते लेकराइले. मंग रत्नपाल झाला, त मी याले पाजलंच नाही. दूध येऊन राहिलं होतं, छाती फाटून राहिली होती, पिळून मातीत टाकत होती. अन् याले शेजारणीच्या ओटीत देत होती."

रत्नपाल दारात उभा होता. त्याला हे माहीत नव्हतं, हे त्याच्याकडे पाहूनच समजत होतं.

"हा जगला. मंग मले पटलंच, का दूधच जहर होतं. आजपर्यंत पटलेलं होतं." तिनं रीनाकडे पाहिलं. "परवा मी डाक्टरले विचारलं. तो म्हने, दूध नाही बाई, रक्त होतं. थोडं तुमचं, थोडं त्याच्या बापाचं. दुधाचा काही संबंध नाही म्हने."

 माझ्या मनात जमवलेलं एकही वाक्य माझ्या कामाचं राहिलं नव्हतं.

"तुमच्याजवर रोगाचं नाव होतं," सुमनबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज तिचा स्वतःचा झाला, सगळे वळून पाहायला लागले. "तुया मायजवर होतं, तुया या बहिणीजवर होतं, तुयाजवर होतं. अन् तुम्ही तोंड शिवून बसले, तवाच्या लोकाइसारखेच. मले तवा एक नाव कोणी सांगितलं असतं ना, एक नाव, त मी याले पाजलं असतं."

रीना हुंदके देऊन रडायला लागली. सलाईनच्या हातानंच तिनं सासूचा हात धरला. सुमनबाईनं तो झटकला नाही, पण दाबलाही नाही.

"मले राग आहे," ती म्हणाली. "लई राग आहे. तो जाणार नाही, सांगून ठेवते. पन घरी चाल. राग मी घरी करीन."

मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू काऊन उभी आहेस खांबासारखी? जा, सुट्टी कधी देऊन राहिले ते विचारून ये."

मी गेली. दारातून जाताना रत्नपालला बाजूला व्हायला सांगावं लागलं. तो बाटली हातात धरून आईकडे पाहत होता, आणि बाटलीतलं पाणी त्याच्या पायावर सांडत होतं.